वार्तापत्राची जुळणी : सॉफ्टवेअर कसे निवडावे?

(मुद्रणविषयक प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



पंचायत समितीचे वार्तापत्र, शाळेचा वार्षिक अंक, ग्रामसभेचा अहवाल हे सारे छापून घेण्याची जबाबदारी आपल्यापैकी अनेकांवर असते. मजकूर तयार झाला की तो छापखान्याकडे जातो आणि तो कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवावा, हा निर्णय आपण तेथील जुळणीकारावर सोपवितो. हा निर्णय इतका किरकोळ नाही. अंकाचे रूप तर त्यावर ठरतेच. शिवाय दहा वर्षांनी तो मजकूर आपल्या हाती उरणार की नाही, हेही त्यावरच ठरते.

थोडा पूर्वेतिहास पाहणे इष्ट ठरेल. १९८५ साली ॲपलचा लेझर प्रिंटर, अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णन-भाषा आणि आल्डस कंपनीचे पेजमेकर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि खिळे जुळविण्याचे काम टेबलावरच्या संगणकावर आले. परंतु त्या काळच्या एका फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ चिन्हांना जागा असे. जोडाक्षरे, मात्रा, रफार यांसह देवनागरी त्यात बसविण्यासाठी फाँट तयार करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी आपल्या लिपीचे तुकडे ठेवले आणि तेही प्रत्येकाने आपापल्या क्रमाने. पडद्यावर ‘क’ दिसे. संगणकाच्या लेखी मात्र ते एखादे रोमन अक्षर असे. तो फाँट काढून घेतला की मजकुराची निरर्थक चिन्हे होतात.

याचे परिणाम आज भोगावे लागत आहेत. पेजमेकरची अखेरची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये आली; पुढे तिचा विकास थांबला. जानेवारी २०२३ पासून अडोबीने टाइप-१ या जुन्या प्रकारच्या फाँटचा आधारही काढून घेतला. परिणामी जुन्या अंकांच्या फाइली कपाटात असूनही त्या उघडून वाचणे दुरापास्त होते. एखाद्या योजनेचा उल्लेख शोधू गेल्यास संगणकाला तो सापडत नाही आणि अंध वाचकाला पडदावाचकाकडून तो ऐकताही येत नाही.

म्हणून पहिली कसोटी युनिकोडची. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. फाँट बदलला तरी मजकूर बदलत नाही. पण ‘युनिकोड चालते’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, तसेच ‘उद्घाटन’, ‘विद्यार्थी’ असे शब्द जुळवून त्यांची पीडीएफ करून घ्यावी. अक्षरे शुद्ध दिसतात का ते पाहावे. मग तोच मजकूर पीडीएफमधून उचलून दुसरीकडे उतरवावा आणि तो तसाच उतरतो का, तेही पाहावे. पाच मिनिटांची ही परीक्षा पुढचा बराच मनस्ताप वाचविते.

दुसरी कसोटी छपाईची. रंगीत छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाईंत होते. पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचा असतो. सॉफ्टवेअरला चार शाईंचे विभाजन करता आले पाहिजे, कापणीसाठी पानाबाहेर ३ मिलिमीटर रंग सोडता आला पाहिजे आणि मजकुराचा काळा रंग एकाच प्लेटवर ठेवता आला पाहिजे. पत्रव्यवहाराच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसते. चार पानी पत्रक कार्यालयातच काढायचे असेल तर ते पुरते. व्यापारी छापखान्यात जाणाऱ्या अंकासाठी पुरत नाही.

तिसरी कसोटी खर्चाची आणि सातत्याची. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीपासून अंतर्भूत आहे. मात्र त्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो, अन्यथा जोडाक्षरे तुटतात. त्याचे शुल्क नियमित भरावे लागते. स्क्रायबस हे विनामूल्य व मुक्त आहे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरीची जुळणी होते आणि चार शाईंची पीडीएफही निघते. मायक्रोसॉफ्ट पब्लिशर नव्याने स्वीकारू नये. त्याचा आधार ऑक्टोबर २०२६ पर्यंतच राहील, असे कंपनीनेच जाहीर केले. छोट्या संस्थेने स्क्रायबसवर एक अंक काढून पाहावा. ज्यांचा छापखाना इनडिझाइनवरच काम करतो, त्यांनी तेच ठेवावे.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. जुने जुळणीकार जुन्या फाँटवर वेगाने काम करतात. त्यांना नवे शिकण्यास का भाग पाडावे? त्यांचे कसब मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु त्यांच्या सवयीचा टंकलेखन-यंत्राचा कळफलक युनिकोडमध्येही मिळतो. बोटांची सवय तीच राहते. बदलते ती फक्त मजकूर साठविण्याची रीत.

शेवटी एक व्यवहार्य सूचना. छपाईच्या कार्यादेशात तीन अटी लिहाव्यात : मजकूर युनिकोडमध्येच जुळवावा, वापरलेल्या फाँटचे नाव व परवाना कळवावा, आणि छापील प्रतींसोबत दुरुस्तीयोग्य मूळ फाइल, पीडीएफ व निव्वळ मजकूर असे तिन्ही कार्यालयाच्या स्वाधीन करावे. जुने अंक रूपांतरित करता येतात, पण रूपांतरानंतर मुद्रितशोधन अटळ असते. म्हणून आधी सर्वाधिक मागणी असलेले अंक घ्यावेत. गावाच्या पैशाने छापलेला मजकूर गावाच्या दप्तरात वाचता येईल असा राहावा, एवढ्यासाठी ही खटपट आहे. पुढचा कार्यादेश निघेल तेव्हा या तीन अटी त्यात घालाव्यात, ही विनंती.