टेबलावरचं हंटर
नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी एअरब्रश चालवला, तर रंग प्लास्टिकवर पोहोचायच्या आधीच वाळतो. म्हणून मी हंटर पहाटे रंगवतो. स्केल १/३२, म्हणजे १४ मीटरचं विमान टेबलावर साधारण ४४ सेंटिमीटरचं.

नाकाखालचे दोन फुगवटे मला फालतू वाटले. पॉलिशपेपर घेतला. आजोबा वायुसेनेतले जुने फिटर, हल्ली फारसं बोलत नाहीत. त्यांनी माझा हातच धरला. "काहून घासतो बे? चार तोफा चालल्या की माळेच्या रिकाम्या कड्या त्यात जमतात. नाहीतर विमानालाच लागतील."

मग डिसेंबर १९७१ निघालं. जैसलमेरहून उडून लोंगेवालाला रणगाडे फोडणारी हंटर. तासभर बोलले.

रंग अर्धाच झालाय. मला घाई नाही. तुमच्या घरी असं कोण आहे? आजच विचारा.