आपला ओळंबा आपल्या हाती

(एका वसतिगृहात आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे केलेले भाषण)

मुलांनो, मुलींनो, आणि हातातले काम टाकून आलेल्या आयाबायांनो व वडीलमंडळींनो,

मला मोठे व्याख्यान देता येत नाही. मी गवंड्याचा मुलगा. दोन कामाच्या गोष्टी सांगेन आणि खाली बसेन.

समोर बसलेली ही पोरे तेरा-चौदा-पंधरा वर्षांची आहेत. हे वय मोठे अवघड! बोलायला गेले तर लहान, आणि कामाला जुंपायचे तर मोठे. मुलांचा आवाज फुटतो, मुलींना पाळी येते, अंग झपाट्याने वाढते. घटकेत राग, घटकेत रडू. पालकहो, हा सगळाच माजोरीपणा नव्हे. रागाला लगाम घालणारा व पुढचामागचा विचार करणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या सुमारास पक्का होतो, असे शास्त्र सांगते. ह्या वयाला झोपही ८ ते १० तास लागते. तेव्हा पोराला सुधारायचे असेल तर आधी त्याला पोटभर जेवू द्या, पुरेसे झोपू द्या, आणि रात्री त्याच्या हातातला मोबाईल काढून ठेवा. मात्र आपलाही ठेवा!

आता कायद्याची गोष्ट. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळाले. चांगले झाले. पण ही सक्ती चौदाव्या वर्षी संपते, हे ध्यानात घ्या. आठवीपर्यंत सरकार हात धरून शाळेत आणते. पुढे हात सुटतो, आणि नेमके तेव्हाच घरचे म्हणतात, "झाले तेवढे पुरे. आता चार पैसे आण." मुलीच्या बाबतीत तर पाहुणे दारात येऊन बसतात. म्हणून ह्याच वयात तुम्ही स्वतःला ओळखले पाहिजे. नाही तर दुसरा कोणी तुमची किंमत ठरवील.

माझेच सांगतो. चौदाव्या वर्षी मी गणितात नापास झालो. मास्तरांनी भर वर्गात म्हटले, "तुमच्या घराण्यात डोके कोठून येणार? जा, थापी धर." घरी येऊन मी दप्तर फेकले. बाप काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मला कामावर घेऊन गेला. तेथे एक भिंत कलली होती. बापाने ओळंबा सोडला व विचारले, "कोठे चुकली?" मी पाहिले आणि म्हणालो, "चौथ्या थरापासून." "मग सगळी पाडू, की चौथ्या थरापर्यंत उतरवू?" मी म्हणालो, "चौथ्यापर्यंत." तेव्हा बाप म्हणाला, "मास्तरांनी तुला नुसत्या डोळ्याने मापले. तू ओळंबा सोडून पाहिलेस काय?"

त्या रात्री मी पेपर काढून बसलो. दहा गणिते चुकली होती, पण मूळ एकच. मला अपूर्णांक येत नव्हते. पाचवीचे पुस्तक मागून आणले व महिनाभर तेवढेच केले. पहिला नंबर काही आला नाही, पण पुढच्या खेपेस पास झालो. "मी ढ आहे" आणि "मला अपूर्णांक येत नाहीत" ह्या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! पहिल्याला औषध नाही, दुसऱ्याला एक महिना पुरतो.

म्हणून एक साधी वही करा. रोज निजण्यापूर्वी तीन ओळी लिहा. आज काय आले, कोठे अडले, आणि उद्या कोणाला विचारायचे. दुसऱ्या पानावर मधोमध रेघ मारा. एका बाजूस माझी चूक, दुसऱ्या बाजूस माझी अडचण. अभ्यास टाळला, ही चूक. घरात दिवा नाही, दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जावे लागते, ही अडचण. चूक आपण दुरुस्त करायची. अडचण मात्र मोठ्याने सांगायची; मास्तरांना, घरच्यांना, ग्रामसभेला. अडचणीला चूक समजून मुकाट रडू नका, आणि चुकीला अडचण म्हणून तिच्या आड लपू नका.

हे नवे नाही. जोतीराव फुले १८२७ साली जन्मले. लोकांच्या सांगण्यावरून बापाने त्यांना शाळेतून काढले व ते मळ्यात राबू लागले. शेजारचे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब ह्यांनी त्यांची बुद्धी ओळखून बापाची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. वय तुमच्याएवढेच! पुढे १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. ही शाळकरी पोर आपल्या अडचणी नशिबावर ढकलून गप्प बसली नाही. दुःख कोठून आले ते तिने विचारले व लिहिले. स्वतःला ओळखणे म्हणतात ते हेच. आरशात पाहून भांग पाडणे नव्हे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह चालू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहिली, स्वयंपाक केला, शेतात राबली आणि शिकली. हातांना घट्टे पडले म्हणून अक्षर बिघडले नाही. उलट आपण कमवू शकतो हे कळल्याने मान ताठ झाली.

पालकहो, एवढेच मागतो. पोराला "ढ" म्हणू नका, शेजारच्याशी तुलना करू नका. "किती गुण पडले?" ह्याच्या आधी "आज कोठे अडले?" हे विचारा. तुम्हाला त्याचे गणित येत नसेल, तरी विचारता येते. माझ्या बापाला सही करता येत नव्हती.

मुलांनो, वही आजच करा. भिंत तुमची, ओळंबाही तुमचाच. तो दुसऱ्याच्या हाती देऊ नका.