कुपवाडच्या घरांतल्या भाषा

सांगलीजवळचं कुपवाड आज महापालिकेत आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली तिथल्या बोलण्यावर निबंध लिहिला, तेव्हा ते खेडं होतं. जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू. उंबऱ्याबाहेर एकमेकांशी मराठी.

रोज दोन-तीन भाषा बोलूनही या कुटुंबांनी घरची भाषा सोडली नाही. शब्द आपापले राहिले, वाक्यांची घडण मात्र एक झाली. मराठी माणूस म्हणे, ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ उर्दू बोलणारा शेजारी म्हणे, ‘पाला जरा काट के ले के आया.’ कानडीतही क्रम हाच!

अशा बोलण्याला अशुद्ध म्हणणं अन्यायाचं आहे. त्यातही नेमके नियम असतात. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’ हा मराठीतला भेद प्रमाण उर्दूत नाही. कुपवाडच्या उर्दूनं तो घेतला. देवघेव एकतर्फीही नव्हती. निर्जीव वस्तूंना नपुंसकलिंगी मानण्याची कानडीची रीत इथल्या मराठीनं उचलली.