जुनी गाणी, नवी गाणी आणि आपले गाव

(व्याख्यानाचा मजकूर)



'जुने ते सोने' ही म्हण ज्या विषयाच्या बाबतीत आपल्याकडे सर्वांत अधिक वापरली जाते, तो विषय म्हणजे चित्रपट आणि त्यांतील गाणी. पुसद असो, वणी असो, दारव्हा वा उमरखेड असो. शाळेच्या शिक्षकदालनात किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर हा विषय निघाला की दोन तट पडल्यावाचून राहत नाहीत. वडीलधारी मंडळी म्हणतात, आजच्या गाण्यांत नुसता गोंगाट आहे. तरुण मंडळी म्हणतात, जुने चित्रपट संथ आणि रडके आहेत. दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक असतात. परंतु कलेचा न्याय जन्मसालावरून होत नसतो. कोणत्या काळाने काय दिले, ते का देता आले आणि या देवघेवीत आपल्या गावाच्या पदरात काय पडले, हे पाहिल्याखेरीज या वादाला अर्थ नाही.

वाद नवा नाही

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा वाद आजचा नाही. १९५२ साली केंद्रीय माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे होते. चित्रपटगीते उथळ आहेत, त्यांनी शास्त्रीय संगीताची अभिरुची बिघडते, अशी त्यांची धारणा होती आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम असा झाला की श्रोत्यांनी आपल्या रेडिओचा काटा सिलोन केंद्राकडे वळविला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवर पुन्हा सन्मानाने स्थान मिळाले.

ज्या गाण्यांना त्या वेळी उथळ म्हटले गेले, तीच आज आपण सुवर्णकाळातील गाणी म्हणून ऐकतो. प्रत्येक पिढीला पुढच्या पिढीचे गाणे कर्कश वाटत आले आहे. शिवाय काळ हे एक मोठे सूप आहे. फोलपट उडून जाते आणि दाणा तेवढा मागे राहतो. जुन्या काळातील शेकडो सामान्य गाणी केव्हाच विसरली गेली. तेव्हा काळाने पाखडून ठेवलेले धान्य एका बाजूला आणि आजचे न उफणलेले खळे दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना करणे, हे शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात तरी कोणास पटू नये.

जुन्याचे बळ कशात होते

असे असले तरी जुन्या गाण्यांचे मोठेपण केवळ आठवणींचा मोह आहे, असे म्हणता येणार नाही. त्या मोठेपणाला कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे शब्द. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारणतः तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्या अवकाशात कवीला आशय पुरा करावा लागे. गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच दालनात बसून ध्वनिमुद्रण करीत. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. म्हणून तालमी कसून होत. वाद्ये मोजकी असल्याने शब्द झाकला जात नसे. ग. दि. माडगूळकर, पी. सावळाराम, शांता शेळके, जगदीश खेबूडकर यांच्यासारखे कवी या माध्यमाला लाभले, ते शब्दाला असलेल्या या मानामुळेच.

दुसरे कारण म्हणजे परंपरेशी असलेला सांधा. १९३२ साली प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या चित्रपटाने मराठी बोलपटाचा आरंभ झाला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते आणि ते रंगभूमीवरून आलेले होते. कीर्तन, अभंग, नाट्यपद, लावणी ही प्रेक्षकांच्या ओळखीचीच माणसे जणू पडद्यावर आली. १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या चित्रपटाचे उदाहरण घ्यावे. विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची भूमिका केली आणि पदेही स्वतःच गायिली. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद लोकांना इतके आपलेसे वाटले की ते तुकाराम महाराजांचाच अभंग होय असा अनेकांचा समज झाला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली. भाषा मराठी, विषय देहूचा, आणि दाद मात्र इटलीत मिळाली.

परंतु त्याच काळात साचेही पडले, हे विसरू नये. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' हा अनंत माने यांचा चित्रपट पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. त्या यशामागे वसंत पवार यांचे संगीत आणि जयश्री गडकर यांची अदाकारी होती. मात्र पुढे कित्येक वर्षे त्याच घडणीचे तमाशापट निघत राहिले आणि तेव्हाचे जाणकारही 'मराठी चित्रपट रुळलेली वाट सोडत नाही' अशी तक्रार करीत राहिले. सारेच जुने सोने नव्हते.

नव्याने काय दिले

आता नव्याकडे वळू. यवतमाळच्या प्रेक्षकांनी यात एका मुद्द्याचा विशेष विचार करण्यासारखा आहे. जुन्या मराठी चित्रपटातील खेडे हे बहुधा कोल्हापूरकडचे खेडे असे. त्यात नवल नाही. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची. प्रभातही १९२९ साली कोल्हापुरातच स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्यास गेली. पुढे भालजी पेंढारकरांनी कोल्हापुरात राहूनच ग्रामीण चित्रपटाला आकार दिला. जेथे स्टुडिओ तेथली माती आणि तेथलीच बोली पडद्यावर आली. वऱ्हाडी माणूस ते सारे आवडीने पाहत होता; परंतु आपली बोली त्याला पडद्यावर क्वचितच ऐकू येई, आणि आली तर बहुधा हशा पिकविण्यापुरती.

या संदर्भात दोन चित्रपट शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. १९२५ साली बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला आणि पोटासाठी शहराची वाट धरणारा शेतकरी हा त्याचा विषय होता. त्या शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक कथांच्या त्या काळात हे धाडसच होते. त्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी, २००९ साली, सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' आला. कर्जाने आणि नापिकीने गांजलेला कापूस उत्पादक किसना, आणि तो जिवाचे काही बरेवाईट तर करून घेणार नाही ना, या धास्तीने घरच्यांना त्याच्यावर नजर ठेवावयास सांगणारी त्याची पत्नी अलका, ही त्याची कथा. चित्रपटाचे नावच वऱ्हाडी शिवीतून आलेले आहे.

२००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत यवतमाळचा समावेश होता. त्यामुळे ही कथा येथील लोकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. वऱ्हाडी बोली येथे विनोदासाठी आलेली नाही, ती दुःखाची भाषा म्हणून आली आहे. जुन्या चित्रपटाने शेतकऱ्याचे दुःख प्रथम पडद्यावर आणले आणि नव्या चित्रपटाने ते आपल्या बोलीत बोलून दाखविले. यांतील एकाला थोर आणि दुसऱ्याला हलका कसा म्हणावे?

पुरस्कारांचा दाखला पाहिला तरी हेच दिसते. 'श्यामची आई' या १९५३ सालच्या आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर तो मान मराठीकडे यावयास 'श्वास' पर्यंत, म्हणजे अर्धशतक, वाट पाहावी लागली. २००३ च्या पुरस्कारांत 'श्वास', २०११ च्या पुरस्कारांत 'देऊळ', २०१४ च्या पुरस्कारांत 'कोर्ट' आणि २०१६ च्या पुरस्कारांत 'कासव' अशी पुढील नोंद आहे. यांपैकी 'देऊळ' तर पंचायत सदस्यांनी आवर्जून पाहावा असा आहे. गावाला आधी रुग्णालय हवे की देऊळ, या प्रश्नावर गावातील पुढारी कसे वागतात, याचे त्यातील चित्र हसवता हसवता अंतर्मुख करते.

गीतांच्या क्षेत्रातही विदर्भाचा वाटा अलीकडच्या काळातच अधिक ठळक झाला. सुरेश भट यांची कविता 'सिंहासन' आणि 'उंबरठा' या चित्रपटांतून सर्वदूर गेली. विठ्ठल वाघ यांचे पेरणीचे गीत राजदत्त यांच्या १९८१ सालच्या 'अरे संसार संसार' मधून घरोघर पोहोचले. २०१६ च्या 'सैराट' मध्ये अजय-अतुल यांनी सोलापूरकडच्या बोलीला लॉस एंजेलिस येथील पाश्चात्त्य वाद्यवृंदाची जोड दिली आणि ती गाणी लहानथोरांच्या तोंडी झाली. साधने बदलली, पण जीव ओतून केलेले काम लोक आजही ओळखतात.

तोटा कोठे होत आहे

मग चिंता करण्यासारखे काहीच नाही काय? आहे, परंतु ते 'जुने की नवे' या वादात दिसत नाही. लग्नाच्या मांडवात पूर्वी बायका हळदीची गाणी म्हणत. आता ध्वनिवर्धकाच्या भिंती उभ्या राहतात आणि त्या गाणाऱ्या बायका बाजूला उभ्या राहून ऐकतात. दोष नव्या गाण्याचा नाही. तेथे जुने गाणे त्याच आवाजात लावले तरी तेच होईल. दोष आहे तो सर्वांना गप्प बसविणाऱ्या आवाजाचा. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिवर्धकास असलेली बंदी ही झोपेपुरतीच उपयोगाची नाही. गावाला स्वतःचा आवाज ऐकू यावा, यासाठीही तिचे मोल आहे.

या जिल्ह्याची गीतसंपदा थोडी नाही. बंजारा तांड्यांवरील होळीच्या लेंगी, गोंड व कोलाम बांधवांची दंडार, मुलींची भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरील भजने, वामनदादा कर्डकांच्या परंपरेतील भीमगीते, असा हा ठेवा आहे. यांतील पुष्कळ गाणी कोठेही लिहिलेली नाहीत. गाणारी आजी गेली की तिच्याबरोबर पन्नास ओव्या जातात.

चित्रपटांच्या बाबतीत हा धडा देशाने फार महाग किंमत देऊन घेतला. १९३१ चा 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट आज उपलब्ध नाही. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' चा काही भागच हाती उरला. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर पुष्कळ काही नष्ट झालेले होते. जे सुस्थितीत होते तेव्हा कोणी जपले नाही, त्याचा शोध नंतर कितीही घेतला तरी लागत नाही.

करण्यासारखे

या कामाला मोठा निधी लागत नाही. शिक्षकांनी वर्गातील मुलांना प्रत्येकी एक गाणे घरच्या वडीलधाऱ्या माणसाकडून लिहून आणण्यास सांगावे. गाणाऱ्याचे नाव, गाव, प्रसंग आणि दिनांक यांची नोंद त्याच्या संमतीने ठेवावी. खिशातील भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण होऊ शकते. त्याची प्रत शाळेत आणि ग्रामपंचायतीत राहावी. पंचायतींनी वर्षातून दोनदा गावात, हक्कधारकांची रीतसर परवानगी घेऊन, एक जुना आणि एक नवा चित्रपट दाखवावा आणि नंतर अर्धा तास चर्चा ठेवावी. एकेकाळी प्रसिद्धी विभागाच्या गाडीसमोर सारे गाव एकत्र बसत असे. आज प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आहे. म्हणून एकत्र बसण्याचे निमित्त मुद्दाम निर्माण करावे लागेल. अधिकाऱ्यांनी अशा उपक्रमांना परवानगीच्या वेळी अडथळा नव्हे, तर हातभार लावावा.

आजोबांना 'संत तुकाराम' प्रिय असेल आणि नातवाला 'सैराट'. दोघांनी एकमेकांचा चित्रपट एकदा शेवटपर्यंत पाहिला, तर वाद मिटेलच असे नाही. पण तो भांडणाऐवजी संवाद होईल. आणि त्या दोघांच्या घरातील जात्यावरची ओवी या वर्षी कोणी टिपून ठेवली, तर पुढच्या पिढीला जुने म्हणून अभिमानाने सांगण्याजोगे काही यवतमाळचे स्वतःचे उरेल.