टाकीच्या तळाशी काय आहे?

कानबाईच्या सणाला सुरतच्या डिंडोलीतली आपली खानदेशी मंडळी गावाकडे निघतील. पुष्कळजण मोटारसायकलवरच: बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, पुढे कोंडाईबारीचा घाट. निघताना तुम्ही हवा बघता, ऑइल बघता, चेन बघता. पेट्रोलच्या टाकीत मात्र फक्त किती उरलंय तेवढंच बघता. तळाशी काय साचलंय, हे कोण बघणार?

गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. वर नितळ, खाली गाळ. पाणी तळाला गेलं की नळाला गढूळ येतं, म्हणून आपण त्याच्या तोंडाला फडकं बांधतो. ते फडकं गाळानं भरलं की धार बारीक होते. मग नळ कितीही फिरवा! गाडीत हे फडकं म्हणजे पेट्रोलचा फिल्टर. सपाटीवर इंजिनाला थोडं पेट्रोल पुरतं, गाडी नीट चालते. घाटात जास्त लागतं, तिथे ती धक्के खाते, धापा टाकते. तुम्ही प्लग बदलता, बॅटरीला दोष देता. अहो, आधी फिल्टर बघा. आणि कागदी फिल्टर हवा मारून परत बसवू नका, नवाच घाला.

दुसरं, पाणी. ते पेट्रोलपेक्षा जड, तळालाच बसतं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा धरून ठेवतं, पण पाणी फार झालं की त्या पाण्यासकट खाली उतरतं. खाडीच्या पुरात गाडी बुडाली असेल तर स्टार्टर मारून बघू नका. आधी टाकी उपसून घ्या, ऑइलही तपासून घ्या.

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर गेला, इंजेक्टर आला. त्याची भोकं अगदी बारीक. पंप टाकीतच, आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. पाणी चढवणारी मोटर कोरडी चालली की जळते ना? तसंच हे. रोज रिझर्व्हवर फिरवायची सवय सोडा, दादा. चावी फिरवल्यावर दोन-तीन क्षण येणारा ‘घूं’ आवाज ऐकत जा. तो आलाच नाही तर पंप, फ्यूज, वायर तपासा. पेट्रोलचा वास आला तर मात्र गाडी जागीच बंद करा. गळकी नळी दोरीनं बांधून चालवायची नाही.

सीएनजी रिक्षावाल्या भावांनो, तुमच्या टाकीत पेट्रोल महिनोन्महिने पडून चिकट होतं, अधूनमधून थोडं पेट्रोलवरही चालवा. सिलिंडरची तपासणी दर 3 वर्षांनी सक्तीची आहे. घाटात जाणाऱ्यांना पुन्हा सांगतो: फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे मेकॅनिकला आजच विचारा.