रोल घेण्याआधी एकच प्रश्न: कुठला रंग बिघडून चालणार नाही?

आज बोलू कलर रोलबद्दल. मोबाइलवर फोटो काढून झाल्यावर फिल्टर बदलता येतो. रोलचं तसं नाही. एकदा कॅमेऱ्यात भरला की 36 फोटो त्याच स्वभावाचे. त्यात आपण मुरुमला असलो, तर रोल मागवायचा ऑनलाइन आणि धुवायला पाठवायचा मोठ्या शहरात. म्हणजे प्रत्येक क्लिकला पैसे. म्हणून आधी ठरवा, या फोटोत कुठला रंग बिघडून चालणार नाही?

समजा, दारात बसलेल्या आजीचा फोटो आहे. तिथं जपायचा रंग त्वचेचा. कोडॅक पोर्ट्रा 160 किंवा 400 घ्या. रंग सौम्य येतात. निगेटिव्ह असल्यानं उजेड थोडा जास्त झाला तरी फोटो वाया जात नाही.

आता पावसाळ्यातला नळदुर्ग किल्ला. काळा दगड, हिरवळ, पाणी. इथं फुजीची वेल्विया 50 शोभते. ही स्लाइड फिल्म, 1990 मध्ये आली. लाल आणि हिरवा अगदी भरून देते. पण हीच फिल्म तुळजापूरच्या दसऱ्याला नेली, तर कुंकवाबरोबर माणसांचे चेहरेही लाल होतील. शिवाय उजेडाचा अंदाज जरा चुकला की स्लाइड माफ करत नाही.

रात्रीच्या पिवळ्या बल्बखाली नेहमीचा रोल नारिंगी दिसतो, कारण तो दिवसाच्या उजेडासाठी, साधारण 5500 केल्विनसाठी बनवलेला असतो. सिनेस्टिल 800टी बल्बच्या 3200 केल्विनसाठी असतो, तो रंग सरळ करतो. पण समईची ऊबच हवी असेल, तर नेहमीचाच रोल ठेवा!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कित्येक वर्षं लॅबवाले प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅकचं एक कार्ड वापरायचे. त्यावर गोरी बाई असायची, त्याला म्हणायचे 'शर्ली कार्ड'. गोऱ्या त्वचेच्या मापानं रंग जुळवले की सावळ्या चेहऱ्यातले बारकावे हरवायचे. पुढं फिल्ममध्ये तपकिरी छटा सुधारल्या, त्यामागं चॉकलेट आणि फर्निचरवाल्यांच्या तक्रारीही होत्या म्हणे! तेव्हा जुन्या अल्बममध्ये कुणी काळवंडलेलं दिसलं, तर दोष त्या चेहऱ्याला देऊ नका. आणि आज पांढऱ्या भिंतीपुढं सावळा माणूस उभा असेल, तर उजेड चेहऱ्यावर मोजा. भिंतीवर मोजलात, तर चेहरा अंधारातच जाणार.

आणि हातात एकच रोल असेल तर? मग उलटं करा. कोडाक्रोमचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरीकडे आला. 2010 मध्ये त्यानं त्याला शोभतील असे विषय शोधले. त्यासाठी तो मुंबईत आला, राजस्थानातही गेला.

तर मग सांगा, तुमच्या पुढच्या रोलमध्ये कुठला रंग जपणार? भेटू पुढच्या भागात!