आरती झाल्यावर



देवावर भरवसा आहे, असे आपण सहज म्हणतो. मीही म्हणतो. पण आपल्या छत्तीसगडातच चांपा येथे सदाशिवराव कात्रे यांनी १९६२ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभारला, तो स्वतः कुष्ठरोगाचे भोग भोगून. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तेथे आले आणि जन्मभर राहिले. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये गेले, तेव्हा देहही दान केला होता.

आधी श्रद्धा पक्की होऊ दे, मग जाऊ, असे म्हणत मी मात्र घरीच! खरे कारण भीती, दुसरे काय?

विसर्जनानंतरच्या रविवारी पहाटे चांपाला निघतोय. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत.